एक अधिसूचना, दोन मतदारसंघ: उत्तर मुंबई, दिंडोरी आणि कांद्याचं राजकारण

२० मे २०२४ला महाराष्ट्रात लोकसभेच्या १३ जागांसाठी मतदान झालं. राज्यातला तो शेवटचा टप्पा. त्या १३ जागांत एक उत्तर मुंबई होती आणि एक नाशिकच्या कांदा पट्ट्यातली दिंडोरी. दोन्हीकडे भाजपचे उमेदवार केंद्रात मंत्री होते. उत्तर मुंबईत पीयूष गोयल ३,५७,६०८ मतांनी निवडून आले. दिंडोरीत डॉ. भारती पवार १,१३,१९९ मतांनी पडल्या. २०१९ला याच पवार याच दिंडोरीतून जवळपास दोन लाखांच्या फरकानं जिंकल्या होत्या.

गोयल यांच्याकडे तेव्हा वाणिज्य खातं होतं आणि ग्राहक व्यवहार खातंही. कांदा परदेशी जाऊ द्यायचा की नाही, याची अधिसूचना पहिल्या खात्यातून निघते. शहरात कांदा काय भावानं मिळतोय, यावर दुसरं खातं रोज नजर ठेवतं. पवार आरोग्य राज्यमंत्री. कांद्याच्या फायलीवर त्यांची सही कुठेच नव्हती. पण त्या फायलीची वसुली झाली ती त्यांच्याकडून.

निवडणुका आल्या की वाहिन्यांवर एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: शहरातला मतदार देशाचा विचार करतो, गावाकडचा आणि तालुक्याच्या ठिकाणचा स्थानिक प्रश्न आणि जातपात बघतो. हे प्रकरण नीट उलगडलं तर ते वाक्य फार टिकत नाही, असं माझं मत आहे. दोन्हीकडचे लोक खिसा बघूनच मत देतात. फरक इतकाच, की शहरी ग्राहकाचा खिसा सरकार न मागता सांभाळतं. त्यामुळे त्याला खिशाची आठवण ठेवावी लागत नाही, आणि बाकीच्या मोठ्या मोठ्या गोष्टींचा विचार करायला तो मोकळा राहतो.

नऊ महिन्यांत काय काय झालं

२०२३चा पावसाळा ओढ देऊन गेला. कांद्याचं देशातलं उत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे ३०२ लाख टनांवरून २४२ लाख टनांवर येईल, असा सरकारी अंदाज पुढे आला. म्हणजे टंचाईची भीती खोटी नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पण त्या भीतीवर जे उपाय झाले, ते सगळे एकाच दिशेनं झाले. १९ ऑगस्ट २०२३ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर हा किमान निर्यात दर आला, म्हणजे त्याहून स्वस्तात माल बाहेर पाठवायचा नाही. तरी भाव उतरेना, म्हणून ८ डिसेंबरपासून निर्यात थेट बंद. मुदत ३१ मार्चपर्यंत होती.

बंदीची बातमी आली त्या दिवशी लासलगाव, चांदवड, उमराणे या बाजारांत लिलाव थांबले आणि मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी बसले. चार हजारांच्या आसपास खेळणारा क्विंटलचा सरासरी भाव दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर आला. ११ डिसेंबरला शरद पवार चांदवडच्या रास्ता रोकोत उतरले. चिडलेल्या शेतकऱ्याला राजकीय घर मिळायला सुरुवात झाली ती इथून.

३१ मार्च जवळ आला. बंदी उठणार या आशेवर उन्हाळ कांदा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर निघणारा टिकाऊ कांदा, काढणीला आला होता. तर २२ मार्चला बंदी पुढील आदेशापर्यंत वाढवली गेली. आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गुजरातचा दोन हजार टन पांढरा कांदा बाहेर पाठवायला परवानगी मिळाली.

दोन हजार टन म्हणजे तसं काहीच नाही. लासलगावसारख्या बाजारात भर हंगामात इतकी आवक एक-दोन दिवसांत होते. पण या आकड्यानं जी आग लावली, ती आधीच्या कुठल्याच आदेशानं लावली नव्हती. सहा देशांसाठी मिळून ९९,१५० टनांना परवानगी आहे आणि त्यात महाराष्ट्राचा कांदा मोठ्या प्रमाणात आहे, असा खुलासा केंद्रानं दोन दिवसांत केला. तोवर पारावर आणि व्हॉट्सअॅपवर निकाल लागून गेला होता: गुजरातचा जातो, आमचा नाही.

४ मेला बंदी उठली. मतदानाला सोळा दिवस राहिले होते. पण उठली तीही टनाला ५५० डॉलर किमान दर आणि वर ४० टक्के शुल्क लावून. दोन्ही धरले तर किलोला ६४ रुपयांच्या आसपास पडणारा कांदा परदेशातल्या गिऱ्हाइकानं घ्यायचा. मुंबईच्या पेपरात मथळा आला ‘निर्यातबंदी उठली’. पिंपळगावच्या व्यापाऱ्यानं मात्र आधी शुल्काची ओळ वाचली.

१५ मेला पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली. भाषण चालू असताना गर्दीतून एका तरुणानं कांद्यावर बोला, असं ओरडून सांगितलं. पुढच्या पाच दिवसांत त्या काही सेकंदांची चित्रफीत जितकी फिरली तितका एकही प्रचारपट फिरला नसेल.

ट्रॉलीपाशी

हा राग किती रुपयांचा होता, हे समजायला बाजार समितीच्या आवारात उभं राहावं लागतं. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप रांगेत लागलेल्या असतात. बाजार समितीचा माणूस पुढे, मागे व्यापारी आणि त्यांचे मुनीम असा घोळका एकेका वाहनापाशी येतो. कोणी वरचे चार कांदे उचलतो, कोणी हात कोपरापर्यंत आत घालून खालचा माल बघतो, पत्ती म्हणजे वरची साल दाबतो. बोली सुरू होते, दहा-वीस रुपयांनी चढते आणि मिनिटभरात, कधी त्याहून आधी, संपते. चार महिन्यांच्या पिकाचा निकाल तेवढ्यात. पावती हातात पडते, ट्रॉली काट्यावर जाते, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवायच्या आवारात. माल खाली होताना गोल्टी (बारीक कांदा) जास्त निघाली, खाद (खराब माल) निघाली, म्हणून तिथं पुन्हा एकदा ओढाताण.

शेतकरी ट्रॉलीवर उभा राहून हे सगळं बघतो. त्याला ‘नाही’ म्हणायची मुभा असते. पण भाव पटला नाही म्हणून ट्रॉली घरी न्यायची तर डिझेल अंगावर, आणि डिसेंबरात न्यायची कुठे हा खरा प्रश्न. शहरातल्या लोकांच्या ध्यानात सहसा येत नाही ती गोष्ट इथं आहे. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर मांडवात, भरून चार-पाच महिने थांबता येतं. हिवाळ्यात निघणाऱ्या लाल कांद्याला ती सोय नाही. त्यात पाणी जास्त, पत्ती कच्ची. पंधरा-वीस दिवसांत कोंब धरतो, सडतो. डिसेंबरची बंदी नेमकी लाल कांद्यावर पडली. ज्याला थांबता येत नाही, त्यालाच सरकारनं अडवलं.

हिशोब साधा आहे. एकरी शंभर क्विंटल निघाले आणि भाव दोन हजारांनी पडला, तर एका एकरामागे दोन लाख रुपये गेले. त्यातून रोप, लागवडीची मजुरी, खत, औषध, काढणी, वाहतूक भागवायची असते. शहरातल्या चौघांच्या घरात महिन्याला पाच किलो कांदा लागतो असं धरू. भाव वीसचा पन्नास झाला तर खर्च दीडशे रुपयांनी वाढला. तेव्हाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा भार ०.६४ टक्का होता, म्हणजे शंभर रुपयांच्या खर्चात पासष्ट पैसेही नाहीत. दीडशे रुपये जाणाऱ्याची ओरड दिल्लीला त्याच दिवशी ऐकू गेली. दोन लाख गेलेल्याची ओरड मतपेटी उघडेपर्यंत पोचली नाही.

दीडशे रुपयांना मी कमी लेखत नाही. धारावीत किंवा मालवणीत रोजंदारीवर जगणाऱ्या घरात कांदा-भाकर हेच जेवण असतं, तिथं किलोमागचे तीस रुपये टोचतात. पण निर्यातबंदीचा लाभ त्या घराला वेगळा काढून देता येत नाही. तो बोरिवलीच्या टॉवरलाही तेवढाच मिळतो, आणि टॉवरला तो मिळाल्याचा पत्ताही नसतो.

बाजारपेठेचं गाव कुणाच्या बाजूला

शहर एकीकडे आणि खेडं दुसरीकडे अशी विभागणी केली की मधली गावं कुठे बसवायची कळत नाही. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, मनमाड, चांदवड. इथं राहणारा प्रत्येक जण शेतकरी नाही. शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, मनमाडला रेल्वेवाले, येवल्यात पैठणी विणणारे. पेहरावानं, मोबाइलनं, मुलांच्या इंग्रजी शाळेनं ही माणसं नाशिक-पुण्याहून फार वेगळी नाहीत. तरी मतदान जवळ आलं की ती शहरासारखी बोलत नाहीत.

लासलगावात कांद्याचे लिलाव आठ दिवस बंद राहिले, तर हमाल-मापाऱ्यांची मजुरी बुडते. खळ्यावर प्रतवारी करायला बसणाऱ्या बायांचा रोज बुडतो. कृषी सेवा केंद्राची उधारी वर जाते, चहावाल्याच्या किटल्या कमी होतात, मोटारसायकलच्या शोरूमला आणि सराफाला गिऱ्हाईक नाही. शिक्षकाचा पगार चालू असतो. पण त्याच्या शेजारच्याचा व्यवहार थांबलेला असतो, आणि त्याची स्वतःची दोन-चार एकर वाट्यानं दिलेली असते. या गावात कांदा विकत घेणारं घर विरळाच. कुणाच्या तरी मळ्यातून गोणी येते. महाग कांद्याचा त्रास या गावाला जवळपास शून्य आणि स्वस्त कांद्याचा पुरेपूर.

म्हणून निमशहरी माणसाचं राजकारण त्याच्या शिक्षणावरून ओळखायला गेलं की अंदाज चुकतो. बाजारात पैसा कुठून येतो ते विचारलं तर अंदाज बरा येतो. पिंपरी-चिंचवडमध्ये तो कारखान्यातून येतो, पिंपळगावात ट्रॉलीतून.

माझ्या ओळखीचं एक घर आहे. थोरला निफाड तालुक्यात शेती करतो, धाकटा नाशकात अंबडच्या कारखान्यात, राहायला पाथर्डी फाट्याला. एकच आई-बाप, एकच जात, दहावीपर्यंत एकच शाळा. मतदानाच्या आदल्या आठवड्यात धाकटा गावी आला होता.

‘‘दादा, एका कांद्यापायी सरकार पाडायचं का? जगात देशाचं नाव कुठं गेलंय ते बघ की.’’

‘‘गेलं आसंल. मी कुठं नाही म्हणतोय.’’

‘‘मग? थोडं थांबायचं. भाव काय कायमचा पडलाय?’’

‘‘लाल कांदा थांबतो का रे? तू काय बाहेरून आलाय का, तुला ठाऊक नाही? आन् मला सांग, तुझा पगार निम्मा करायचा हुकूम कधी निघाला का? लोकांला स्वस्त पडावं म्हणून?’’

धाकट्याकडे याला उत्तर नव्हतं. त्यानं मतही बदललं नाही. त्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत गावाकडून आलेली कांद्याची गोणी दरवर्षी असते. कांदा दहा रुपये झाला काय नि शंभर झाला काय, त्याच्या घरखर्चात फरक पडत नाही. कांदा हा त्याच्या लेखी राजकारणाचा विषयच उरलेला नाही. ती जागा मोकळी झाली आणि तिथं बाकीचं येऊन बसलं: राम मंदिर, रस्ते, देशाची प्रतिमा, पंतप्रधान कोण. हे विषय खोटे नाहीत. थोरल्यालाही ते पटतात, त्याच्याही घरात अयोध्येच्या अक्षता आल्या होत्या. पण त्याची रांग आधी दुसऱ्या खिडकीवर होती.

धाकटा मतदान करतो तो नाशिक पश्चिम विधानसभा क्षेत्रात. नाशिक लोकसभेत शिवसेनेचे (ठाकरे) राजाभाऊ वाजे १,६२,००१ मतांनी जिंकले. सिन्नरसारख्या ग्रामीण भागानं त्यांना भरभरून दिलं. शिंदे सेनेच्या हेमंत गोडसे यांना आघाडी दिली ती कामगार आणि नव्या वसाहतींच्या या नाशिक पश्चिमनं. निफाड आणि पाथर्डी फाटा यांच्यात गाडीनं तासाभराचं अंतर.

कांद्यानंच पाडलं का?

निकालानंतर सगळ्यांनी कांद्याकडे बोट दाखवलं. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीही जून २०२४मध्ये जाहीरपणे कबूल केलं की नाशिक पट्ट्यात कांद्यानं आणि मराठवाडा-विदर्भात सोयाबीन-कापसानं आम्हाला रडवलं. हरलेल्याला असं कारण सोयीचंही असतं. भाव वाढला की ते मिटतं.

दिंडोरी अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. कळवण, दिंडोरी, पेठचा आदिवासी मतदार कांद्यापेक्षा वनहक्क, रोजगार आणि संविधान बदलण्याच्या चर्चेनं हलला होता. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचा रोष होता. राष्ट्रवादी फुटल्यावर शरद पवारांकडे गेलेली सहानुभूती होती, आणि त्यांचे उमेदवार भास्कर भगरे हे शिक्षक, साधी प्रतिमा असलेले. त्यांच्याच आडनावाचा, तुतारी चिन्ह घेतलेला एक अपक्ष १,०३,६३२ मतं घेऊन गेला. ‘तुतारी वाजवणारा माणूस’ शोधताना नुसत्या तुतारीवर पडलेली मतं त्यात किती, हे कोण सांगणार. पण एवढी मतं बाजूला जाऊनही भगरे लाखाच्या वर आले.

धुळ्याची जागाही अनेकांनी कांद्याच्या खात्यात टाकली, कारण बागलाण आणि मालेगावचा ग्रामीण भाग तिच्यात येतो आणि दोन्हीकडे कांदा उदंड. तिथं काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या. पण सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजपचे सुभाष भामरे पुढे होते. निकाल फिरवला एकट्या मालेगाव मध्यनं, म्हणजे यंत्रमागाच्या दाट मुस्लिम वस्तीच्या शहरानं. कांदा पिकवणारं बागलाण भामऱ्यांच्या मागेच राहिलं. शेजारच्या जळगाव आणि रावेरमध्ये तर भाजपच्या दोन्ही उमेदवार दोन लाखांहून जास्त मतांनी आल्या. तिथला शेतकरीही शेतकरीच. कापसाला भाव नव्हता. पण केळीची निर्यात कुणी अडवली नव्हती. अस्मानी मार माणूस निमूट सोसतो, बाजाराचाही बराचसा सोसतो. सरकारी कागदानं मारलं की मारणाऱ्याचं नाव ठाऊक असतं.

आणि शहर तरी कुठे एक आहे? मुंबईच्या सहापैकी चार जागा महाविकास आघाडीनं घेतल्या. उत्तर-पश्चिममध्ये शिंदे सेना अवघ्या ४८ मतांनी वाचली. उत्तर मुंबई भाजपचा जुना बालेकिल्ला; तिथं कांदा पन्नासवर गेला असता तरी गोयल आलेच असते, असं मला वाटतं. तेव्हा ‘शहर भाजपचं, गाव विरोधकांचं’ ही मांडणी सोडून द्यावी. या प्रकरणातून निघतं ते वेगळं आहे: एकाच आदेशाचा एका ठिकाणी मुद्दा झाला आणि दुसऱ्या ठिकाणी तो बातमीच्या पलीकडे गेला नाही. उत्तर मुंबईच्या प्रचारात निर्यातबंदी हा शब्द किती वेळा आला असेल? मतदानाचा आकडाही बघण्यासारखा आहे. दिंडोरीत जवळपास ६७ टक्के, उत्तर मुंबईत ५७.

चाकण आणि दिल्ली

या भांडणाची भाषा मराठीत नवी नाही. १९७८च्या सुमारास चाकणच्या कांदा बाजारात शरद जोशी नावाचा स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसलेला माणूस शेतकऱ्यांना हिशोब मांडून दाखवू लागला. १९८०मध्ये नाशिक जिल्ह्यात कांदा आणि उसाच्या भावासाठी रस्ते-रेल्वे अडल्या, खेरवाडीला गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. ‘भारत विरुद्ध इंडिया’ ही जोशींची मांडणी तिथून घराघरात गेली. तिचा अर्थ आज शहर विरुद्ध खेडं असा सरसकट लावला जातो. जोशींनी तसा लावला नव्हता. त्यांच्या लेखी शहरातल्या झोपडपट्टीत आलेला गावचा माणूस भारतातलाच, आणि गावात राहून व्यवस्थेची मलई खाणारा पुढारी इंडियातला.

पण त्या आंदोलनाची दुसरी बाजूही पाहावी लागते. लाखांचे मेळावे भरवणाऱ्या संघटनेचा राजकीय पक्ष, स्वतंत्र भारत पक्ष, मतपेटीत कधी उभा राहिला नाही. कांद्यानं सरकारं घाबरतात, पण कांद्यावर पक्ष उभा राहत नाही. चाकणला तर आता मोटारींचे कारखाने उभे आहेत, आणि तिथल्या ज्या घरांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पुढच्या पिढीला कांद्याचा भाव पेपरात वाचावा लागतो.

शहरानं मात्र एकदाच हात उगारला आणि तो कायमचा लक्षात राहिला. १९९८मध्ये दिल्लीत कांदा चाळीस-पन्नासच्या घरात गेला. ऐन वेळी सुषमा स्वराज यांना मुख्यमंत्री करूनही नोव्हेंबरच्या निवडणुकीत भाजप ४९ जागांवरून १५वर आला. तेव्हापासून केंद्रात कुणाचंही सरकार असो, कांदा चढू लागला की साठामर्यादा, किमान दर, शुल्क, बंदी हा क्रम ठरलेला. काँग्रेसच्या काळातही तेच झालं, त्यामुळे एका पक्षावर खापर फोडण्यात अर्थ नाही. गल्लीत गाडी आणून पंचवीस रुपयांनी कांदा विकण्याची सोय २०२३मध्ये झाली ती शहरांत. त्यासाठीचा राखीव साठा नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था सरकारसाठी खरेदी करतात त्या नाशिक पट्ट्यातून. सरकार म्हणतं, ही खरेदी शेतकऱ्याला आधार. शेतकरी म्हणतो, स्वस्तात घेऊन ठेवलेला माझाच कांदा भाव चढला की माझ्यावरच सोडतात.

सहा महिन्यांनी

या प्रकरणाचा मला सर्वांत रस वाटणारा भाग निकालानंतरचा आहे. १३ सप्टेंबर २०२४ला केंद्रानं किमान निर्यात दर काढून टाकला आणि शुल्क ४०वरून २० टक्क्यांवर आणलं. विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती. चाळीतल्या उन्हाळ कांद्याला चार हजारांच्या पुढे भाव मिळत होता. त्याच वेळी दिल्ली-मुंबईत सरकारी गाड्यांवर ३५ रुपयांनी कांदा सुरू झाला, ऑक्टोबरात लासलगावाहून रेल्वेनं १६०० टन कांदा दिल्लीला गेला. शहर सांभाळायचं काम थांबलं नव्हतं. फक्त या वेळी दुसऱ्या बाजूलाही थोडं सोडलं गेलं.

त्यात जुलैपासून ‘लाडकी बहीण’चे दीड हजार येऊ लागले होते. मतदानापर्यंत पाच हप्ते, साडेसात हजार रुपये. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल माफ झालं.

२० नोव्हेंबरला मतदान झालं. महायुतीला राज्यात २३० जागा. नाशिक जिल्ह्यातल्या १५पैकी १४. पंधरावी मालेगाव मध्यची, ती एमआयएमनं १६२ मतांनी राखली. दिंडोरी लोकसभेत येणाऱ्या सहाही विधानसभा महायुतीकडे: नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड, दिंडोरी. मे महिन्यात जिथं केंद्रीय मंत्री पडल्या होत्या, तिथं नोव्हेंबरात आघाडीला एक जागा मिळाली नाही.

हे ‘मतदार विकला गेला’ म्हणून उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. हे म्हणणारे बहुतेक शहरातले आणि करसवलतीवर मत देणारे असतात. मे महिन्यातलं मत विचारधारेचं नव्हतं, त्यामुळे नोव्हेंबरातलं मत विचारधारेशी गद्दारीही नव्हतं. शेतकऱ्यानं एका आदेशाला उत्तर दिलं, आदेश सैल झाल्यावर त्याच्याकडे उत्तर द्यायला काही उरलं नाही. मग आमदार कोण उपयोगाचा, कोणाची कामं होतात, घरातल्या बाईच्या खात्यावर काय आलं, हे पुढे आलं. विधानसभेला आमदाराची माणूस म्हणून ओळख चालते. निर्यातीचा दोर त्याच्या हातात नसतो, हे येवल्याच्या पारावर बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. विरोधकांनी मात्र मे महिन्यातली मतं आपली समजून कुलूपबंद करून ठेवली आणि नोव्हेंबरात कपाट उघडलं तर आत काही नव्हतं.

१ एप्रिल २०२५पासून उरलेलं २० टक्के शुल्कही गेलं. आता कांद्यावर ना बंदी, ना किमान दर, ना कर. शेतकरी संघटना वर्षानुवर्षं मागत होत्या तेच. आणि त्याच वर्षी भाव कोसळला. उन्हाळ कांदा क्विंटलला हजार-बाराशेपर्यंत आला, उत्पादन खर्चाच्या खाली. पीक जास्त आलं होतं, आणि वारंवार दार बंद करणाऱ्या भारतावर अवलंबून न राहता बांगलादेशानं आपलं पीक वाढवलं होतं. २०२३च्या आदेशांचा हा उशिरा आलेला हप्ता. पण तो कुणाच्या सहीनं आला हे आता दाखवता येत नाही. सप्टेंबर २०२५मध्ये कांदा उत्पादकांनी लोकप्रतिनिधींना फोन करायचं आंदोलन केलं. दिंडोरी आणि नाशिकचे खासदार विरोधी बाकावर, ते म्हणणार सरकार आमचं नाही. आमदार सत्तेतले, ते म्हणणार निर्यात केंद्राचा विषय. या खेपेला कुणाला पाडायचं, हे निफाडच्या थोरल्यालाही सांगता आलं नसतं.